कोयरीचा दमा

माधव नगर, उज्जैन
५ नोव्हेंबर १९५६

ती. वन्सं,

सुलूचा नमस्कार. पत्र माझं आहे हे अक्षरावरूनच कळलं असेल. तिसरी इयत्ता झाली आणि आईनं चुलीपाशी बसवलं, त्यामुळे ओळी वरखाली जातात. फाडू नका. फाडायचंच असलं तर आधी वाचा.

काल भाऊबीज झाली. तुमचे भाऊ आंघोळ करून दरवर्षीसारखे पाटावर जाऊन बसले. मग आठवलं असावं, तसेच उठले. मी म्हटलं, शेजारच्या पंड्याइन भाभींच्या उषाला बोलावते, ती ओवाळेल. तर म्हणाले, "बहीण काय विरजण आहे का, शेजारून आणायला?" आणि कुडता घालून बाहेर निघून गेले. निरांजन मी तसंच देवापुढे ठेवलं.

मी तुम्हाला लिहितेय हे त्यांना ठाऊक नाही.

इकडची खबर अशी की मध्य भारत संपला, हे तुम्हाला तिकडे ग्वाल्हेरलाही कळलं असेलच. एक तारखेपासून आपण मध्य प्रदेश. यांचं दफ्तर भोपाळला चाललंय. जानेवारीअखेर आम्हालाही जायचं. पंड्याइन भाभी म्हणतात, "अब तो तू राजधानी की बहू हो गई!" मला काही हसू येत नाही. तिथे दार वाजवायला एक ओळखीचं घर नाही.

जयू चांगली आहे. चौदा महिन्यांची झाली. भिंत धरून चालते.

एक विचारायचं होतं. कोयरीला दम लागायचा तेव्हा तुम्ही वाफेच्या पाण्यात काय घालायचात, ओवा का निलगिरी? आणि चादर किती वेळ धरायचात? असंच विचारते. शेजारी कोणाला तरी हवंय.

उत्तर माझ्या नावानं घाला.

तुमची
सुलू


२१ नोव्हेंबर

ती. वन्सं,

नमस्कार. उत्तर आलं नाही. डाकिया यायच्या वेळेला मी दारात उभी असते. काल तोच म्हणाला, "बाई, चिट्ठी होगी तो मैं आवाज दे दूँगा, धूप में मत खड़ी रहा करो."

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. शेजारी कोणाला नकोय. जयूला हवंय.

पितृपक्षात सर्दी झाली ती निमित्त झाली. सर्दी गेली आणि हे राहिलं. संध्याकाळी सिगडी पेटवली की सुरू होतं, कधी पहाटे गारव्यानं. आधी नाक फुरफुरतं, मग छातीत बारीक शिटी वाजते. मग ती खेळ टाकून बसते. कशी बसते सांगू? मान पुढे, पाठ वाकलेली, कोपरं अंगापासून लांब. रडत नाही, कारण रडायला श्वास पुरत नाही. नुसती माझ्याकडे बघते. पहिल्यांदा ती तशी बसली तेव्हा माझ्या हातातली परात पडली. अगदी कोयरी बसायची तशीच बसली होती.

तेव्हा मी पंड्याइन भाभींना हाक मारली नाही, यांनाही बोलावणं पाठवलं नाही. माझे हात आपोआप तुम्ही करायचात ते करायला लागले. सिगडी उचलून अंगणाच्या टोकाला नेली. खिडकी उघडली. पातेल्यात पाणी उकळलं, ओवा टाकला (निलगिरी हाताशी नव्हती म्हणून ओवा), आणि खाटेवर ती चादर टाकून तंबू केला. तीच भैरवगढची, कोयऱ्या छापलेली. जयूला मांडीवर ताठ बसवून आत शिरले. चादरीत अजून तिचे केस आहेत वन्सं. मी धुते तरी निघत नाहीत.

आणि तुम्ही तिला म्हणायचात ते म्हटलं. सावकाश गं, कुठं जायचंय आपल्याला? किती वेळा म्हटलं ठाऊक नाही. शिटी बारीक होत गेली आणि जयू झोपली.

तीन वर्षं मी ते रोज पाहिलं आणि मनात हसले, आज सांगते. लग्न होऊन आले त्या दिवशी आतल्या खोलीतून खोकला ऐकू आला. मला वाटलं, घरात कोणी म्हातारे आहेत आणि माझ्या माहेरच्यांपासून लपवून ठेवलेत. डोक्यावर पदर घेऊन पाया पडायला आत गेले तर शिवणाच्या यंत्राखाली मांजर! तुम्ही म्हणालात, "पड पाया, घरात माझ्याखालोखाल तिचाच मान." आणि तुमच्या शिवणाच्या मुली फिदीफिदी हसल्या.

तुम्हीच सांगितलं होतं, तिरंगा लागला त्या वर्षी भैरवगढच्या कापडाच्या छापखान्यात ती सापडली. रंगाच्या भांड्यामागे बसली होती, एवढीशी. पाठीवरचा डाग बघून ठप्पे मारणारा छिपा म्हणाला, हा ठप्पा आमचा नाही, वरून आलाय. म्हणून कोयरी. दोन वर्षांची झाली तेव्हा दमा लागला. ढोरांच्या डॉक्टरनं तुम्हाला सांगितलं, "यह जाएगा नहीं। पर यह भी नहीं जाएगी, अगर आप सँभालो।" आणि तुम्ही सांभाळलंत. घरात उदबत्ती नाही, धूप नाही. गणपतीलासुद्धा नुसतं फूल. भाभी म्हणायच्या, "विनोदिनी बाई के यहाँ भगवान भी बिल्ली से पूछ के बैठते हैं." सात वर्षं तिनं त्या दम्याबरोबर काढली, आणि रडतखडत नाही. उन्हात लोळायची, पाली धरायची, माझ्या साडीच्या निऱ्यांवर झडप घालायची. दम लागला की बसायची, उतरला की पुन्हा उठायची.

फ्रीगंजात एक डॉक्टर आहेत, त्यांना जयूला दाखवलं. म्हणाले, दमाच आहे, मोठी झाली की बहुतेक कमी होईल. मी विचारलं, मांजराचे केस छातीत बसतात का? "घरात मांजर आहे?" नाही, म्हटलं, होती. चैत्रात गेली. ते औषध लिहीत होते, मान वर न करता म्हणाले, "म्हणजे आठ महिने झाले. आता कोणाला घालवाल?"

मी घालवली असं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

उत्तर द्या. नुसतं ओवा का निलगिरी एवढं लिहिलंत तरी चालेल.

सुलू


३ डिसेंबर

ती. वन्सं,

आज खरं लिहिते. जयू झोपली आहे, दुपार आहे, घरात कोणी नाही.

कोयरी आपली आपण गेली नाही. आजारी मांजर मरायला लांब जातं, असं मी तुम्हाला सांगितलं ते मीच बनवलं होतं. मी तिला नेली.

तुम्ही देवासला मुंजीला गेला होतात, चार दिवस. जयू सहा महिन्यांची, तिला खांसी झाली होती. साधीच असणार. पंड्याइन भाभी तिला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "बहू, कान लगा के सुन. बिल्ली का बाल बैठ गया है छाती में. दोनों एक सुर में खाँस रही हैं." मी ऐकलं तर मला खरंच एकच सूर वाटला. आत जयू खोकायची, बाहेर कोयरी. तुम्हाला सांगून काही होणार नाही हे ठाऊक होतं. तुम्ही म्हणाला असतात, तिला माझ्या खोलीत ठेवते. आणि घर तर दोनच खोल्यांचं.

भाभींनीच सांगितलं, मांजर कितीही लांब सोडलं तरी परत येतं, पण नदीपल्याड सोडलं तर येत नाही, पाणी ओलांडत नाही.

जयूला भाभींकडे ठेवलं. कोयरीला भाजीच्या थैल्यात घातलं, वर माझं जुनं लुगडं. तिनं काही केलं नाही वन्सं. नख लावलं असतं तर बरं झालं असतं. थैल्यात घातली तेव्हा तिला वाटलं असेल तुमचा वाफेचा तंबू आहे. तांग्यानं रामघाटावर गेले आणि नावेत बसले. नावाडी म्हातारा, डोक्याला लाल गमछा. थैल्याकडे बघून म्हणाला, "क्या है इसमें?"

मी म्हटलं, कपडे.

मध्यावर आलो आणि कोयरी खोकली. तीच तिची, घशातून ओढून ओढून. नावाडी वल्हं मारत राहिला. मग म्हणाला, "बाई, तुम्हारे कपड़ों को तो बड़ी खाँसी है."

नावेतले सगळे हसले. मी पण हसले. हसले, हे मला सर्वांत वाईट वाटतं.

पल्याड दत्त आखाड्याच्या बाजूला उतरले. एका चौथऱ्यामागे थैल्याचं तोंड मोकळं केलं. ती बाहेर आली, आणि पळाली नाही. तिला दम लागला होता. मान पुढे काढून, कोपरं लांब करून बसली. नेहमी कोणीतरी यायचं ना तिच्यापाशी, तशी बसली. मी लुगडं उचललं आणि मागं न बघता नावेकडे गेले.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही आलात, सगळी गल्ली धुंडाळलीत, मला विचारलंत. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा हे पण उभे होते. मी घाबरले. जयू कडेवर होती. मी तिच्या गळ्याला हात लावला आणि म्हटलं, जयूच्या गळ्याशपथ, मी कोयरीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ट्रंक भरलीत. ट्रंक तांग्यात चढली, तुम्ही चढलात, आणि पुन्हा उतरून आत आलात. जयूच्या गळ्याला दोन बोटं लावलीत. ओठ हलवलेत. माझ्याकडे बघितलं नाहीत. मी तेव्हापासून रोज विचार करते, काय म्हणालात. मला वाटतं शाप दिलात. तुमची चूक नाही, तुमच्या जागी मी असते तर मीही दिला असता.

तुमचे भाऊ म्हणतात जयूला दमा आहे. डॉक्टर म्हणतात दमा आहे. मलाच ठाऊक आहे काय आहे. ज्या गळ्याला हात लावून खोटं बोलले तोच आवळला जातोय. दरवेळी शिटी वाजली की मला ते ऐकू येतं. परवा तिचे ओठ निळसर झाले होते. मी चादरीत बसून सावकाश गं, सावकाश गं म्हणत होते, आणि मनात एकच, की हिला मीच मारतेय.

लहानपणी आपण सगळ्याच करायचो. कोणी शपथ घातली आणि खोटी निघाली, तर जिच्यापुढे घातली तिनं "सुटली" म्हणायचं, मग सुटते. दुसऱ्या कोणी म्हणून चालत नाही. ती तुमच्यापुढे घातली होती. देव सुद्धा तुमच्याशिवाय सोडवणार नाही.

मला माफ करू नका. मी ते मागत नाही. एक पोस्टकार्ड घ्या आणि त्यावर एकच शब्द लिहा, सुटली. बाकी कार्ड कोरं ठेवा. नाव पण लिहू नका, मी अक्षर ओळखेन.

आम्ही भोपाळला जायच्या आधी पाठवा.

सुलू


१८ डिसेंबर

ती. वन्सं,

नमस्कार. कार्ड आलं नाही. आलं नाही तरी मी लिहिते, कारण हे तुम्हाला कळायला हवं.

चार दिवसांपूर्वी यांना सगळं सांगितलं. जेवताना सांगितलं, मूर्ख मी. ताटावरून उठले. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "थैला घे." मी घाबरले. म्हणाले, "घाटावर जाऊन बघून येऊ. निदान विचारू तरी." जयूला शालीत गुंडाळून घेतलं.

तोच नावाडी होता. गेंदालाल नाव त्याचं. मी बसले आणि विचारायला तोंड उघडायच्या आतच तो थैल्याकडे बघून म्हणाला, "आज कपड़ों की तबीयत कैसी है?"

वन्सं, त्यानं ओळखलं मला. नऊ महिन्यांनी.

मग तो बोलत राहिला आणि मी ऐकत राहिले. त्या दिवशी मला परत सोडून तो पल्याड गेला, तर कोयरी तिथेच बसलेली. आखाड्यातल्या बाबांनी तिला दूध दिलं, पण धुनीचा धूर होता, तिला सोसेना. ती उठून घाटाच्या पायरीवर यायची, मोकळ्या हवेत. दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन त्याच्या नावेत चढली.

"बिल्ली पानी से डरती है, सब कहते हैं," तो म्हणाला. "यह तो सवारी की तरह बैठ गई."

नाव रामघाटाला लागली की ती उतरायची. पायरीवर बसायची, येणाऱ्याजाणाऱ्या बायकांकडे बघायची. संध्याकाळी शेवटच्या खेपेला पुन्हा नावेत. घाटापर्यंत ती रोज आली होती वन्सं. पुढचा रस्ता तिला ठाऊक नव्हता, कारण मी तिला थैल्यात घालून आणली होती.

त्यानं तिचं नाव खाँसीबाई ठेवलं होतं. पुढच्या फळीखाली गोणपाट टाकून जागा केली होती. दम लागला की तिथे जाऊन बसायची. मी विचारलं, मग तुम्ही काय करायचात? त्याला प्रश्नच कळेना. म्हणाला, "क्या करता? नाव रोक देता था. हिलने से तकलीफ होती थी उसको. सवारियाँ चिल्लाती थीं. मैं बोलता, रुको भाई, बाई की साँस आने दो."

भाद्रपदापर्यंत होती. पूर ओसरल्यावर एका सकाळी फळीखाली झोपली होती ती उठली नाही. त्या सकाळी खोकली पण नाही, म्हणाला. त्यानं तिला आपल्या जुन्या गमछ्यात गुंडाळून क्षिप्रेत सोडलं. गमछा लाल होता, हे त्यानं दोनदा सांगितलं.

हे पाण्याकडे बघत होते. मी रडत नव्हते, पण जयूनं माझ्या गालाला हात लावला तेव्हा ओला होता.

तुमच्याजवळ गेली नाही. पण एकटी गेली नाही आणि उपाशी गेली नाही. हे तुम्हाला सांगायचं होतं. कार्डाचं तुमच्यावर.

सुलू


१६ जानेवारी १९५७

ती. वन्सं,

नमस्कार. तीळगूळ सोबत घालते आहे, वाटेत चुरा झाला तर चमच्यानं खा.

तुमचं पत्र संक्रांतीच्या आदल्या दिवशी आलं. डाकियानं खरंच गल्लीच्या तोंडापासून आवाज दिला. सगळी गल्ली बाहेर आली. पंड्याइन भाभी विचारत होत्या, "क्या लिखा है, क्या लिखा है?" मी आत जाऊन कडी लावली.

कार्ड नव्हतं, लिफाफा होता. मला वाटलं एवढं लांब आहे म्हणजे शिव्याच असणार. हळूहळू वाचलं. आता मला ते पाठ आहे. तुम्ही लिहिलंत:

"सुलू, थैला मी देवासहून आले त्याच दिवशी पाहिला. कोनाड्यात घडी करून ठेवला होतास आणि आत पांढरे केस. तू कबूल होशील म्हणून तीनदा विचारलं. तू पोरीच्या गळ्याला हात लावलास. मला खरा राग आला तो तेव्हा, मांजराचा नंतर. तांग्यात बसल्यावर वाटलं, मी चालले, आणि हे त्या एवढ्याशा गळ्यात राहील. म्हणून उतरले आणि सुटली म्हटलं. तीनदा म्हटलं. तुला ऐकू जाईल असं म्हटलं नाही, कारण तुला सोडायचं नव्हतं. अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. पण पोरगी त्याच दिवशी मोकळी झाली. तिला जे झालंय तो दमा आहे, दुसरं काही नाही."

वन्सं, मी ते वाचलं आणि जमिनीवर बसले. जयू पाटाशी खेळत होती. तिच्या छातीत शिटी वाजत होती, बारीकशी. चार महिन्यांत पहिल्यांदा मला नुसती शिटी ऐकू आली.

पुढे तुम्ही लिहिलंय, पहिल्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही कारण त्यात खरं नव्हतं, आणि चौथं दोन दिवस उशाशी ठेवलं होतं. आणि शेवटी, "ओवाच घाल. निलगिरी लहानांना नको. पातेलं खाटेखाली नको, बाजूला. भोपाळला जाताना सिगडी नवी घे, जुनीची जाळी मोडली आहे, म्हणून धूर करते." तुम्ही येणार का नाही ते लिहिलं नाहीत. मी विचारत नाही. पण नवीन घराला मागं उघडं अंगण आहे, आणि शिवणाचं यंत्र मावेल अशी खिडकीपाशी जागा आहे, एवढं सांगून ठेवते. सव्वीसची परेड झाली की निघू. पत्ता यांनी मागच्या बाजूला लिहिला आहे, अक्षर ओळखालच.

यांना पत्र दाखवलं. वाचून म्हणाले, "ताई अजून रागावलेली आहे." आणि इतके खूश झाले की काय सांगू.

काल जयूला पुन्हा दम लागला. दिवसाउजेडी, लाडू वळताना. मी हात धुतले, सिगडी बाहेर नेली, पाणी ठेवलं. भीती होती, ती काय जायची नाही. पण ओवा मोजून घातला, पातेलं बाजूला ठेवलं. पाव तासात ती चादरीतून डोकं बाहेर काढून लाडू मागायला लागली. कोयरी अशीच यायची ना तंबूतून, काही झालंच नाही अशी, मिशा ओल्या.

संक्रांतीला क्षिप्रेवर गेलो होतो. आंघोळ करून तुमच्या वतीनं कोयरीला फुलं सोडली, लाल गमछा जिथे सोडला त्या बाजूला. गेंदालालला तीळगूळ दिला. म्हणाला, "बैठो, पार घुमा लाता हूँ." जयू नावेत पहिल्यांदा पायांवर उभी राहिली, यांच्या बोटाला धरून. मध्यावर गार वारा आला आणि ती खोकली. दोनदाच, घशातून ओढून.

गेंदालालनं वल्हं थांबवलं, आणि जयूकडे न बघता आधी वाकून फळीखाली बघितलं.

तुमची
सुलू